धानाच्या बांधावरची वंदना

बाई, यंदा तुमच्या सहलीत सगळ्यांनी मोजे घातले होते. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे-पायजमे, आणि त्याखाली काळे, निळे, तपकिरी, कुणाच्या नातवाच्या शाळेचे, असे मिळतील ते मोजे. हातांना, मानेला डास पळवायचं मलम चोळलेलं. ऊन अंगावर असतानाच वंदना झाली आणि दिवेलागणीच्या आत सगळे धर्मशाळेत, मच्छरदाणीत. इतकी वर्षं मी घसा कोरडा करून जे सांगत होते, ते जवळजवळ सगळं झालं. मला आनंद व्हायला हवा होता, पण परत आल्यापासून डोकं असं काही फिरलंय की घरात भांडी आपटतेय आणि केंद्रात पोरांना लस द्यायला आलेल्या आयांवर उगाच खेकसतेय. शेवटी म्हटलं, ज्यांचा राग आलाय त्यांनाच सांगून मोकळं व्हावं. थोडा गावाचा आलाय, बराचसा माझा स्वतःचा, आणि उरलेला तुमचा. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण 'म्हणतात' हे काही कारण नव्हे, हे तुम्हीच शिकवलं होतं.

मी तुमच्या चौथीच्या वर्गातली, खिडकीजवळच्या पहिल्या बाकावरची. आता धामणगाव बढ्याच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात सिस्टर आहे, निवृत्तीला टेकलेली. तुम्ही शिकवताना पुस्तकातली भाषा बोलायचात आणि चिडलात की आपल्या गावच्या भाषेत यायचात, म्हणून तुमची शिकवण निम्मी विसरले असेन, पण तुमची बोलणी एकूणएक लक्षात आहेत. एक दिवस तुम्ही फळ्यावर भागाकार मांडलात आणि उत्तर चुकीचं लिहिलंत, मुद्दाम. सगळ्या वर्गानं ते उतरवून घेतलं. मला चूक दिसली होती. मी पाटीवर आधी बरोबर उत्तर लिहिलं, मग फळ्याकडे पाहिलं आणि थुंकी लावून ते पुसून तुमचं लिहिलं. तुम्ही माझ्या बाकापाशी येऊन उभ्या राहिलात. पाटीवरचा ओला डाग तुम्हाला बरोबर दिसला.

"तुले दिसलं होतं ना व? मंग काऊन पुसलं?"

"बाई, तुम्ही लिवलं होतं."

"मी लिवलं म्हून खरं झालं? उद्या मी म्हनीन बैल उडते, त ते बी लिवून घेशीन?"

वर्ग हसला. मला रडू फुटलं. तुम्ही मग सगळ्यांना सांगितलंत की कुणी मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून मानायचं नाही, आधी 'काऊन' विचारायचं, आणि हे आपल्या धम्मातच सांगितलेलं आहे, माझ्या मनचं नाही. विहारात नवस बोलणाऱ्या बायांना तुम्ही कसं झाडायचात तेही आठवतं. आपण जुन्या देवांच्या रांगा सोडून इकडे आलो ते काय नव्या रांगा लावायला, असं तुम्ही म्हणायचात आणि बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

मी दहावी पास झाले तेव्हा तुम्ही आमच्या घरी आलात. माय ज्वारी निवडत बसली होती. तुम्ही उभ्याउभ्याच म्हणालात, "पोरीले मी सहलीले नेते. बक्षीस समजा. तुमी बी चाला." आपल्या गावातून निघालेली ती पहिली धम्म सहल. तोवर गावची माणसं फार तर नागपूरपर्यंत जाऊन आलेली. बुद्धगया, कुशीनगर, लुंबिनी ही नावं वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकायची, तिथे बसमध्ये बसून जाता येतं हे तुमच्यामुळे कळलं. पावसाळ्यातला वर्षावास संपला आणि दिवाळीची सुट्टी लागली तशी खामगावहून ठरवलेली ती जुनी बस आली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवड्याचे डबे घेऊन आम्ही निघालो. माय रस्ताभर खिडकीतून हात काढून बसली होती, जणू हवाही नव्या मुलखाची आहे म्हणून.

कुशीनगरच्या अलीकडे बसची बॅटरी उतरली. सूर्य मावळायला आला आहे. ड्रायव्हर एका ट्रॅक्टरवर बसून मेकॅनिक शोधायला जातो आणि आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उतरतो. दोन्ही बाजूंना धान, नुसती भातशेती. आपल्याकडे कापूस, ज्वारी, मूग. पाण्यात उभं असलेलं शेत मी पहिल्यांदा पाहतेय. पिवळं पडत आलेलं धान, मुळाशी अजून पाणी, पाण्यात बगळे, आणि पलीकडच्या नाल्यात चिखलात लोळणारी डुकरं. बायाबापड्या कुरकुरायला लागतात, लेकरं रडतात, आणि तुम्ही चप्पल काढून बांधावर बसता आणि म्हणता, "चाला, तवर वंदना घेऊन टाकू. रिकामं काय बसाचं?" म्हणून आम्ही तिथे बसलो, बाई. बॅटरी उतरली म्हणून. दुसरं काहीही कारण नव्हतं. तुम्ही सगळ्यांत पुढे, पाण्याच्या काठाशी, साडी घोट्याच्या वर, एक मेणबत्ती लावून. पंचशील झालं आणि मागून फाटकन आवाज आला. कुणीतरी दंडावरचा डास मारला होता. तुम्ही मागे वळून बघता आणि हसू दाबत म्हणता, "काऊन हो दादा? आत्ताच त शील घेतलं, अन् आत्ताच जीव घेतला काय त्याचा?" सगळे खो खो हसतात, तो दादाही हसतो. तुम्ही स्वतः त्या वेळी पदरानं पायावरचे डास हाकलत होतात. हे मी पाहिलंय. मी तुमच्या अगदी मागे बसले होते.

परत आल्यावर आठवडाभर गेला असेल. माय म्हणाली, बाईचं डोकं दुखून राह्यलं, जरा कढी नेऊन दे. मी तुमच्या स्वयंपाकघरात येते. तुम्ही स्टोव्हपाशी उभ्या आहात आणि तुमच्या हातात काडेपेटी आहे. ती तुम्ही उलटीपालटी करून पाहताय, कानाशी हलवून तिचा आवाज ऐकताय. "हे काय आहे व?" तुम्ही मला विचारता. मला हसू येतं, वाटतं तुम्ही परीक्षा घेताय, त्या भागाकारासारखी. "काडेपेटी आहे बाई," मी म्हणते. तुम्ही मान हलवता आणि काडेपेटी पिठाच्या डब्यात ठेवून झाकण लावता. तुमची लहान लेक दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. तिला हसू आलं नाही, ती रडत तिच्या बापाला शोधायला पळाली. संध्याकाळी तुम्हाला झटके यायला लागले. जीपमध्ये घालून आधी खामगावला नेलं, तिथून अकोल्याला. माय आणि मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आलो तेव्हा तुमचे डोळे अर्धे उघडे होते आणि तुम्ही कुणालाच ओळखत नव्हतात, बोलायचं तर सोडाच. डॉक्टर तुमच्या मालकांना विचारत होते, कुठे गेला होता, धानाची शेती होती का, डुकरं होती का. मला ते प्रश्न तेव्हा येडेपणाचे वाटले. माणूस मरायला टेकलंय आणि हे डुकरांची चौकशी करून राह्यले, असं मी मायजवळ म्हणालेसुद्धा. नर्सिंगला गेल्यावर मेंदूज्वराचा धडा आला तेव्हा धान, डुकरं, सगळं त्यात एकाखाली एक लिहिलेलं होतं.

तुम्हाला नेमका तोच जपानी मेंदूज्वर झाला होता का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. तसा तपास तेव्हा झाला नाही. पण सगळं जुळतं. त्याचा विषाणू डुकरांत आणि बगळ्यांत वाढतो, धानाच्या साचलेल्या पाण्यात डास होतो, तो दिवस मावळला की बाहेर पडतो आणि रात्रभर चावतो. तो चावलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, आणि तिथेच सगळी गोची आहे. एखाद्यालाच होतं, आणि त्याच्या मेंदूवर जातं. मग त्याला मारणारं औषध नाही. जे करायचं ते आधी, म्हणजे अंग झाकायचं, मलम लावायचं, मच्छरदाणीत झोपायचं आणि जाण्याआधी पुरेसे दिवस हाताशी ठेवून लस घ्यायची. एवढं साधं आहे. हे मी आपल्या माणसांना सांगायला लागले तेव्हा मला वाटलं होतं, एका वर्षात पटेल. बाईंच्या गावात 'काऊन'ला काय तोटा, असं वाटलं होतं.

गावानं तुमच्या मरणाचं काय करून ठेवलं ते सांगते. बाई बुद्धाच्या भूमीतून आल्या आणि गेल्या, केवढं भाग्य, असं तुम्ही गेल्यावर जलदानविधीच्या दिवशीच कुणीतरी म्हणालं. पुढच्या वर्षी लोक तुमच्या आठवणीसाठी सहल घेऊन गेले. बसच्या पुढच्या काचेत तुमचा फोटो, त्याला हार. आणि त्याच रस्त्यावर, त्याच बांधावर, सूर्य मावळताना बस थांबवून, बसचे दिवे बंद करून, एक मेणबत्ती लावून वंदना! दिवे का बंद? कारण पहिल्या वर्षी बंद होते. अनवाणी का? कारण तुम्ही चप्पल काढली होती. आणि वंदना चालू असताना डास मारायचा नाही, कारण बाईंनी मना केलं होतं. तुमची थट्टा होती हो ती! तिचं व्रत झालं. पुढे तर हाकलायचाही नाही. अंगावर डास बसून रक्त पिऊन उडेपर्यंत जो हलत नाही तो खरा उपासक. बसमध्ये परत बसल्यावर दंडावरच्या गांधी एकमेकांना दाखवतात, पोट्टे शर्यती लावतात. पाण्याच्या काठाशी पुढे एक आसन रिकामं ठेवतात, ती तुमची जागा. उतरलेल्या बॅटरीची पूजा करणारं दुसरं गाव पृथ्वीच्या पाठीवर नसेल.

मी काय काय नाही केलं! विहारात मच्छरदाण्या लावून दाखवल्या. महिला मंडळात बोलले. आमच्या केंद्रातल्या तरुण डॉक्टरसाहेबांना विचारलं, ते म्हणाले, "सिस्टर, थोड्या दिवसांच्या सहलीला तसा धोका कमीच. पण संध्याकाळी मुद्दाम धानात जाऊन उघड्यानं बसायचं म्हणजे डासांची पंगत बसवणं झालं." मोठ्यांसाठी लस अकोल्याहून आधी सांगून मागवता येईल, हेही त्यांनीच सांगितलं. मी हे सगळं सहल मंडळाच्या अध्यक्षांना सांगितलं. तेही तुमच्याच वर्गातले, माझ्या मागच्या बाकावर बसायचे आणि माझ्याच पाटीवरून उतरवून घ्यायचे. ते दर वर्षी ऐकून घेतात, चहा पाजतात आणि म्हणतात, "सिस्टर, तुमचं सगळं बरोबर हाये. पन एवढे वर्सं झाले, कोनाले काई झालं काय?" पालथ्या घड्यावर पाणी. मग मी हातच टेकले. मी सहलीला जाणं सोडून दिलं आणि दर वर्षी बस निघाली की ती परत येऊन आठवडेभर कुणाच्या घरून तापाची खबर येत नाही तोवर जीव मुठीत धरून बसायला लागले. काही झालं नाही की बरं वाटायचं. आणि खरं सांगते, बरं वाटता वाटता चीडही यायची, कारण त्यांचं म्हणणं पुन्हा एक वर्ष खरं ठरायचं.

यंदा मात्र गप्प बसवेना. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो त्या दिवशी विहारात सहलीची बैठक असते. अध्यक्ष उठले आणि म्हणाले की बाईंची नात आता मोठी झाली, तिला वंदना तोंडपाठ आहे, यंदापासून बाईंच्या जागेवर ती बसेल. टाळ्या पडल्या. तुमची नात, बाई. तुमच्या त्याच लेकीची लेक. खामगावच्या कॉलेजात विज्ञान शिकते, तुमच्यासारखीच भुवई वर करून बोलते, मला मावशी म्हणते. ती लाजून उभी राहिली आणि सगळ्यांना हात जोडले. मला ती दिसलीच नाही. मला तो पाण्याचा काठ दिसला आणि काडेपेटी दिसली.

तिला त्या जागी बसवायचं घाटतंय हे कानावर आलं तेव्हा मी तिला आधीच एकदा सांगून पाहिलं होतं. ती म्हणाली होती, "मावशी, लस घ्याले मी तयार हाये. पन सगळे उघडे बसतीन अन् मी एकटीच सुई टोचून जाऊ? आजीच्या जागी बसनारीच भ्याली म्हनतीन." तुमची लेक तर बैठकीत कोपऱ्यात बसून नुसती डोळे पुसत होती. तिला लेकीचा अभिमानही होता आणि भीतीही, आणि गावासमोर दोन्ही बोलता येत नव्हतं.

मी उभी राहिले. पहिल्यापासून सगळं सांगितलं, डास, धान, डुकरं, बगळे, सूर्य मावळायची वेळ. माझा आवाज चढत गेला. अध्यक्ष म्हणाले, "सिस्टर, इतक्या वर्सात कोनाले..."

"बाईले झालं!" मी ओरडले.

मग तुमच्या शेजारची आजी, आता पार वाकलेली, भिंतीला टेकून म्हणाली, "बाईले झालं नाही व, बाईचं सोनं झालं. तुले दवाखान्याच्या बाहेरचं काई दिसतच नाही काय?" आणि माना हलल्या. ज्यांच्या लेकरांना मी जन्मल्याबरोबर हातात घेतलं, ज्यांच्या तापाला रात्रंदिवस धावले, त्या सगळ्यांच्या माना हलल्या. काऊन, काऊन, काऊन, तुमचा एकुलता एक शब्द, आणि त्या भरल्या विहारात एकाच्याही तोंडात तो नव्हता. त्या रागात माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"बाई मले दवाखान्यात काई बोलल्या होत्या," मी म्हणाले.

"काय बोलल्या?" म्हातारी सरळ बसली.

"बोलल्या, पुढच्या बारीनं बांधावर बसू नोका. उजेडी वंदना घ्या, अन् रात्री मच्छरदानीत निजा. अन् पाय झाका म्हना सगळ्याइले."

झालं. एवढंच. वर्षानुवर्षांचं विज्ञान वाहून गेलं होतं तिथे माझं एक खोटं दगडासारखं टिकलं. म्हातारी रडायला लागली. अध्यक्षांनी रुमाल काढला. "मंग इतके वर्सं काऊन नाही सांगतलं, सिस्टर?" पाहा, 'काऊन' आला तो इथे, आणि तोही मलाच. मी म्हणाले, हिंमत झाली नाही. त्यांनी मान डोलावली आणि तिथल्या तिथे ठरलं की यंदापासून बाईंच्या इच्छेप्रमाणे उजेडी वंदना होईल, धर्मशाळेच्या अंगणात, आणि मोजे, मलम, मच्छरदाणी सगळ्यांना सक्तीची. मी धीर करून लसीचं काढलं. अध्यक्षांनी गंभीरपणे विचारलं, "लसीचं बी बोलल्या होत्या काय बाई?" कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. तेव्हा ती लस आपल्या कुणाच्या कानावरही नव्हती, तुमच्या तोंडी कशी घालू? मी खरं ते सांगितलं, नाही बोलल्या. "मंग राहू द्या," ते म्हणाले. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, अशी आपली गत.

बैठक सुटल्यावर तुमची नात माझ्यामागून आली. पिंपळाच्या पाराजवळ तिनं मला गाठलं. "मावशी, आजी खरंच बोलली होती?"

मी चालत राहिले.

"माय म्हनते, आजीची वाचा त घरीच गेलती. दवाखान्यात आजी एक सबद बोलली नाही. मायनं मले शंभरदा सांगतलं." ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, भुवई वर. "मंग तुमी काऊन तसं बोलल्या?"

सगळ्या गावात एकीनं विचारलं, बाई, आणि तिला फसवायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, "तू त्या जागी बसनार होती म्हून." आणि मग तिला काडेपेटीची गोष्ट सांगितली. तिच्या मायनं वाचा गेल्याचं सांगितलं होतं, पण काडेपेटीचं कधी सांगितलं नव्हतं. मग तिनं लसीबद्दल विचारायला सुरुवात केली, किती आधी घ्यायची, ताप येतो का, कुणी घेऊ नये. कॉलेजातली पोरगी, एकेक प्रश्न नेमका. दोन-तीन दिवसांनी ती आणि तुमची लेक दोघी माझ्याकडे आल्या. डॉक्टरसाहेबांनी तपासून सांगितलं आणि आम्ही तिघींनी अकोल्याला जाऊन लस घेतली. गावातून आम्ही तिघीच. बाकीच्यांनी मोजे घेतले. खामगावच्या बाजारातून अध्यक्ष स्वतः गठ्ठा घेऊन आले आणि विहारात तुमच्या फोटोपुढे ठेवून मगच वाटले. डास पळवायचं मलम लावताना म्हातारी आधी ट्यूब कपाळाला लावत होती. मी पाहिलं आणि तोंड फिरवलं.

म्हणून मी चिडले आहे. माणसं वाचली तर वाचोत, कारण काही का असेना, असं म्हणून शहाण्यानं गप्प बसावं. आमचे डॉक्टरसाहेब तेच म्हणाले. पण मला तुमच्या गावाला पटवायचं होतं, फसवायचं नव्हतं. दहा वर्षांनी कुणी विचारेल, उन्हातच वंदना का? उत्तर येईल, बाईंची इच्छा. तेव्हा तिथे धान नसेल, डुकरं नसतील, डास दुसरेच कुठले दुपारचे चावणारे असतील, तरी ही माणसं भर उन्हातच वंदनेला बसतील आणि मच्छरदाणी फक्त रात्रीच लावतील. मी फळ्यावर नवा भागाकार मांडून आले आहे, बाई. उत्तर बरोबर आहे एवढंच. पण सगळ्यांनी ते उतरवूनच घेतलंय.

आणि तुमचा राग असा की तुम्ही एक शब्द तरी बोलायला हवा होतात. त्या दवाखान्यात मी तुमच्या पायाशी उभी होते. घोट्यांवर डास चावल्याचे डाग अजून होते. तुम्ही नुसतं डोळे उघडून काहीतरी म्हणाला असतात, भलतंसलतं, काडेपेटीचं म्हणाला असतात, तरी मला ते पुढे नेता आलं असतं. तुम्ही काहीच दिलं नाहीत, म्हणून मला बनवावं लागलं.

ही चिठ्ठी तुमच्या फोटोमागे ठेवावी असं मनात आलं होतं. पण उद्या कुणाला सापडली तर तिच्यावर हार चढेल आणि दर पौर्णिमेला वाचनही सुरू होईल. आपली माणसं मला आता चांगली कळली आहेत. तेव्हा ठेवणार नाही.

एक मात्र सांगायचं राहिलं. यंदा मी सहलीला गेले होते. धर्मशाळेच्या अंगणात ऊन तिरपं झालं होतं. तुमची नात पुढे बसली होती, तुमच्याच लकबीत, पाठ ताठ. पंचशील झालं आणि गरम होतंय म्हणून मागच्या दोघातिघांनी मोजे खाली गुंडाळले. ती थांबली, मागे वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "पाय झाका हो." ते शब्द माझे, मी विहारात रचलेले, आणि ती हे जाणून होती. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. बाई, तुम्ही हे कधीच बोलला नव्हतात, हे माझ्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नाही. तरी माझा हात आपोआप खाली गेला, घसरलेला मोजा मी वर ओढला, आणि तोंडातून निघून गेलं, "हो बाई."